नाणेघाटाची राणी आणि खडकवासल्याच्या मुली

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की राजगुरुनगर मागे पडते आणि साठ किलोमीटरवर मंचर लागते. मंचर हे आंबेगाव तालुक्यातले बाजाराचे गाव. तिथून पंधरा किलोमीटरवर नारायणगाव, आणि नारायणगावहून डावीकडे तेवढेच अंतर आत गेले की जुन्नर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बागा. पश्चिमेकडे जावे तसे पाटाचे पाणी संपते, सह्याद्री जवळ येतो आणि भाताची खाचरे सुरू होतात. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला. गाव गेले, नाव राहिले.

या भागातल्या गावोगाव फौजेत गेलेला एखादा तरी माणूस भेटतोच. कुणी नोकरीत आहे, कुणी पेन्शनीत. म्हणूनच आम्ही या दोन तालुक्यांत फिरायला निघालो, तेव्हा लेण्यांबरोबर एक प्रश्नही मनात घेऊन निघालो होतो.

प्रश्न असा. भूसेनेत वैद्यकीय आणि परिचर्या शाखा सोडून इतर शाखांत मुलींना अधिकारी म्हणून घेण्यास १९९२ साली सुरुवात झाली. चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतून पहिली पंचवीसजणींची तुकडी १९९३ च्या मार्चमध्ये बाहेर पडली. पण या मुलींची नोकरी ठरावीक मुदतीची. मुदत वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली, आणि पेन्शनला तर वीस वर्षे लागतात. म्हणजे उमेदीची वर्षे द्यायची आणि रिकाम्या हाताने घरी यायचे. पुरुष अधिकाऱ्यांप्रमाणे कायम नेमणूक द्या, म्हणून या स्त्रिया कोर्टात गेल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असताना केंद्र सरकारने एक मुद्दा मांडला : जवान बहुतेक ग्रामीण भागातून आलेले असतात, तिथल्या रूढीत वाढलेले असतात, आणि बाईने तुकडीची प्रमुख म्हणून हुकूम द्यावा हे स्वीकारण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला आणि स्त्रियांना कायम नेमणुकीचा हक्क दिला.

निकाल लागला. पण त्या मुद्द्यात ज्यांचे नाव घेतले गेले ती ग्रामीण माणसे काय म्हणतात, हे त्यांच्या गावी जाऊन विचारावे असे आम्हाला वाटले. जुन्नर-आंबेगावपेक्षा चांगला ग्रामीण भाग त्यासाठी कुठला?

हुकूम हुकूमच असतो

घोडेगावच्या पुढे डिंभ्याच्या वाटेला पावसाळ्यात गेलात तर चिखलात वाकलेल्या बाया दिसतील. भाताच्या आवणीचे दिवस म्हणजे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कंबर मोडणारे काम. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद आणि गुडघ्यापर्यंत पाणी. 'बायकांना झेपेल का?' हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. तो प्रश्न अधिकाराची जागा आली की मगच निघतो.

नारायणगाव तर विठाबाई नारायणगावकरांचे गाव. २००२ साली त्या गेल्या. तमाशा चालू असताना फडामागे बाळंत होऊन पुन्हा फडावर उभ्या राहिलेल्या विठाबाईंची हकीकत आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. त्या गोष्टीचे आपण कौतुक करतो. खरे म्हणजे तिची लाज वाटायला हवी, कारण बाळंतिणीला दोन दिवसांची विश्रांती देणे आपल्या समाजाला परवडले नाही. पण निदान एवढे तरी मान्य करावे, की अंगातल्या बळाचा आणि जिद्दीचा प्रश्न विठाबाईंच्या गावात तरी उरलेला नाही.

राहिला हुकमाचा प्रश्न. आंबेगावातल्या एका वस्तीवर पेन्शनीत निघालेले एक हवालदार भेटले. संदेशवहनाच्या दलात, म्हणजे सिग्नल्समध्ये, त्यांची नोकरी झालेली. 'जयभीम' झाला, चहा आला. आम्ही सरळच विचारले, "दादा, बाईच्या हाताखाली काम केलंत का कधी?"

"केलं की. एक लेडी कॅप्टन होत्या आमच्यावर. आल्या तेव्हा पोरं हसायची मागनं. नाव ठेवायची, नक्कल करायची."

"मग?"

"मग काय, थंडीच्या दिवसांत डोंगरावर लाइन तुटली. रात्रीची वेळ. बाई पुढं, आम्ही मागं. सकाळी लाइन चालू करूनच परत आलो. त्या दिवसापासनं कोण हसलं नाही. हुकूम बाईचा काय नि बाप्याचा काय, हुकूम हुकूमच असतो. देणाऱ्याला काम येतंय का, एवढंच जवान बघतो."

ग्रामीण जवानाची मानसिकता ती हीच. तिला एका रात्रीचे सोबतीचे काम पुरले.

पण त्याच ओट्यावर बसलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी सांगितलेलेही लिहिले पाहिजे. त्यांची मुलगी बारावीला आहे. धावायला चपळ आहे, गणितात हुशार आहे, खडकवासल्याची परीक्षा देते म्हणते. आम्ही म्हटले, देऊ द्या. ते म्हणाले, "द्यायला काय हो, पण पोरीची जात. लांब कुठं धाडायची?"

पोरीची जात! वाचक बंधूंनो, हा शब्द आपल्या घरात किती सहज येतो पाहा. जात मोडण्यासाठी आपल्या तीन पिढ्या झिजल्या. बाहेर कुणी आपली जात काढली तर आपण पेटून उठतो. आणि घरात पोटच्या पोरीला 'पोरीची जात' म्हणून उंबऱ्याच्या आत ठेवतो. जन्मावरून जागा ठरवणे म्हणजेच जात ना? मग हे वेगळे काय आहे?

खडकवासल्याचा दरवाजा

ज्या परीक्षेचे त्या मुलीने नाव घेतले तिची माहिती थोडक्यात द्यायला हवी. खडकवासला आपल्याच पुणे जिल्ह्यात. तिथली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, १९५५ पासून तिथे आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे होणारे अधिकारी तिथे तीन वर्षे एकत्र शिकतात. बारावी झालेल्या मुलग्यांना तिचा दरवाजा उघडा होता. मुलींना नव्हता. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेला बसू देण्यास सांगितले. तयारीला वेळ द्या, पुढच्या वर्षीपासून घेऊ, असे सरकारतर्फे सांगण्यात आले, तेही न्यायालयाने ऐकले नाही. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मुली परीक्षेला बसल्या. २०२२ साली एकोणीस मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली. ३० मे २०२५ रोजी तीनशेहून अधिक छात्रांच्या संचलनात त्यांतल्या सतराजणी अंतिम पग पार करून बाहेर पडल्या.

प्रबोधिनी खडकवासल्याला आल्यापासून सदुसष्ट वर्षांनी मुली आत गेल्या. अभ्यास तोच, कवायत तीच, मैदान तेच. शारीरिक चाचण्यांचे निकष तेवढे शरीररचनेप्रमाणे वेगळे ठेवलेले. मात्र सगळे दरवाजे उघडले असे नाही. तोफखाना मुलींसाठी २०२३ साली खुला झाला, पण पायदळ आणि रणगाडा दल अजून बंदच आहे. म्हणजे आपल्या महार रेजिमेंटच्या पायदळात अधिकारी होण्याचे स्वप्न आपल्या मुलीला आज पाहता येत नाही.

डोंगरातले भिक्खुणींचे नाव

जुन्नरला पोचले की चारी बाजूंना डोंगरात लेणी दिसतात. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि गणेश पहाड, म्हणजेच लेण्याद्री. एवढी बौद्ध लेणी एका गावाभोवती क्वचितच कुठे असतील. लेण्याद्रीवर तीसेक लेणी आहेत. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेले की सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि शेजारी सातव्या क्रमांकाचा मोठा विहार. त्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. खाली कुकडीचे खोरे हिरवेगार पसरलेले असते.

ही लेणी राजांनी कमी आणि साध्या माणसांनी जास्त कोरून घेतली. व्यापारी, कारागिरांच्या श्रेणी, यवन म्हणजे ग्रीक वंशाचे उपासक, अशा अनेकांची दाने इथल्या ब्राह्मी लेखांत आहेत. त्यांतल्या एका लेखात जुन्नर नगरातल्या धम्मोत्तरीय पंथाच्या भिक्खुणींच्या निवासस्थानाचा उल्लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात घरदार सोडून शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या स्त्रियांचे स्वतंत्र निवासस्थान होते आणि त्याच्या खर्चासाठी लोक दान देत होते. आजच्या भाषेत मुलींचे वसतिगृहच म्हणा ना.

भिक्खुणी संघाचा दरवाजाही सहज उघडला नव्हता. विनयपिटकातली कथा आपल्याला माहीत आहे. महाप्रजापती गौतमी आणि शाक्य स्त्रिया केस कापून, अनवाणी चालत वैशालीला आल्या. पाय सुजलेले, अंगावर धूळ. तीन वेळा नकार मिळाला. तेव्हा आनंदाने भगवंतांना एकच गोष्ट विचारली : स्त्रीला ते सर्वोच्च पद गाठण्याची पात्रता आहे की नाही? उत्तर आले, आहे. पात्रता मान्य झाली आणि दरवाजा उघडला. जाचक अटी लागल्याच, पण दरवाजा उघडला. पुरुषांना काय वाटेल हा प्रश्न आनंदाने विचारला नाही. तो विचारला असता तर उत्तर कदाचित आलेच नसते.

नाणेघाटात उभे राहिल्यावर

जुन्नरहून आपटाळे, घाटघर करत तीसेक किलोमीटर पश्चिमेला गेले की सह्याद्री एकदम तुटतो आणि नाणेघाट येतो. कल्याण बंदराहून जुन्नरला येणारा माल या घाटाने चढत असे. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण अजून तिथे आहे. घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात भिंतभर ब्राह्मी लेख आहे, तो सातवाहनांच्या राणी नागनिकेचा. इसवी सनापूर्वीचा पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख वैदिक यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या गाई-घोड्यांच्या दक्षिणेचा आहे. आपल्याला त्या यज्ञांचे काही देणेघेणे नाही. पण पती सातकर्णी गेल्यावर मुले लहान असताना तिनेच राज्याचा कारभार सांभाळला, असे इतिहासकार मानतात. सातवाहनांचे सैन्य म्हणजे त्या काळचे दख्खनमधले मोठे सैन्य. त्या सैन्यातले शिपाई ग्रामीणच असणार. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्या नष्ट झाल्या. वरची नावे राहिली आहेत, त्यांत नागनिकेचेही आहे.

लेण्यातून बाहेर येऊन कड्यावर उभे राहावे. खाली कोकण पसरलेले दिसते. समोरचा मुलूख मुरबाड तालुक्याचा. मुरबाड म्हटले की आपल्या मनात एकच नाव येते. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडील आणि चुलते फौजेत सुभेदार मेजर. वडील रामजीबाबाही सुभेदार. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या लष्करी छावणीतला. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, आणि ते मुलग्यांप्रमाणे मुलींनाही होते, हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. गावाने ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, त्यांच्या लेकी छावणीत अक्षरे गिरवत होत्या. फौजेने आपल्याला काय दिले याचे याहून मोठे उदाहरण नाही.

आणि तीच फौज १८९२ च्या सुमारास आपल्या माणसांना बंद झाली. कारणे काय सांगितली? ही लढवय्यी जात नव्हे. आणि दुसरे कारण, उच्चवर्णीय शिपाई यांच्याबरोबर राहणार नाहीत, महार सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत, त्याला सलाम करणार नाहीत.

आता २०२० सालच्या त्या मुद्द्याशेजारी हे कारण ठेवून पाहा. 'महाराचा हुकूम सवर्ण शिपाई मानणार नाही.' 'बाईचा हुकूम ग्रामीण जवान मानणार नाही.' शब्द बदलले, माप तेच. दोन्हीकडे पात्रतेचा प्रश्न विचारलेलाच नाही. ज्याच्या मनात भेद आहे त्याला सुधारायचे सोडून ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच दाराबाहेर ठेवायचे, असा तो न्याय.

आपल्या पूर्वजांनी हा न्याय मान्य केला नाही. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून अर्ज लिहिला. १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या भारतमंत्र्याकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे त्याच रेजिमेंटमध्ये सेवा केलेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोघे लष्करप्रमुख झाले. कुणी हुकूम मानायचे राहिले नाही.

ज्या घरांनी पन्नास वर्षे हा लढा दिला, त्या घरांतल्या माणसाने आपल्या मुलीला तेच कारण सांगावे, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

मने कशी बदलतात

कोणी म्हणेल, कायद्याने दरवाजा उघडतो, मन थोडेच उघडते? खडकवासल्यात मुलींच्या शेजारी उभा राहणारा छात्रही कुठल्यातरी घरातूनच आलेला असतो. आईने ताट वाढायचे आणि बहिणीने उष्टे उचलायचे, हे पाहतच तो मोठा झालेला असतो.

या प्रश्नावर नॉर्वे देशात एक चांगला प्रयोग झाला. तिथल्या सैन्यात नव्या भरतीच्या मुलांच्या काही तुकड्यांत मुली ठेवल्या, काहींत नुसतेच मुलगे. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. मिश्र तुकड्यांतली मुले-मुली आठ आठवडे एकाच खोलीत राहिली, एकत्र शिकली. नंतर मुलग्यांची मते विचारली. स्त्री-पुरुष मिळून असलेली तुकडी तितकेच किंवा अधिक चांगले काम करते असे म्हणणारे मुलगे मिश्र तुकड्यांत शेकडा १४ ने जास्त निघाले. घरकाम दोघांनी सारखे वाटून घ्यावे म्हणणारे शेकडा ८ ने वाढले. मुलग्यांच्या कामात किंवा समाधानात काही घट आली नाही. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. सहा महिन्यांनी, मुले वेगवेगळ्या ठिकाणी गेल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा हा बदल ओसरलेला होता. म्हणजे समता ही एकदा घेतली की जन्मभर पुरणारी लस नाही. ती रोजच्या सहवासाने टिकते. आमच्या हवालदार दादांना एका रात्रीत पटले ते टिकले, कारण दुसऱ्या दिवशीही बाई त्यांच्या पुढे होत्या.

आपल्या गावांतही हेच दिसते. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. जिथे सरपंच बाईची फक्त सही आणि कारभार नवऱ्याचा, तिथे लोकांचे मत बदलत नाही. जिथे बाई स्वतः खुर्चीवर बसून पाण्याच्या टँकरचा निर्णय करते, तिथे वर्षभरात म्हातारेही 'सरपंचबाईंना विचारा' म्हणू लागतात.

घरातली तयारी

आता व्यवहाराचे चार शब्द. खडकवासल्याची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. मुलींना अर्जाची फी नाही. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांत गणिताचे ३००. म्हणून दहावीनंतर 'मुलीला गणित कशाला' म्हणून ते सोडायला लावू नका. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, तेव्हा इंग्रजी वाचनाची सवय आठवीपासूनच लावावी. निवड झाली तर शिक्षणाचा खर्च सरकार करते. मुळशी तालुक्यात कासार आंबोलीला मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून आहे. साताऱ्याची सैनिक शाळाही आता मुलींना प्रवेश देते.

पण खरी तयारी घरची. जुन्नर-आंबेगावात पहाटे धावायला जाणाऱ्या मुलीला उसातल्या बिबट्याची भीती असते, आणि ती खरी आहे. पण त्यावर उपाय मुलीला घरात बसवणे हा नाही. भावाने किंवा वडिलांनी सायकल घेऊन बरोबर जावे, चार मुलींचा गट करावा, उजाडल्यावर धावावे. संध्याकाळी दिवा लागल्यावर मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि मुलगी भाकरी थापायला बसते, हे दोघांत वाटून घ्यावे. भाकरी थापल्याने मुलगा हलका होत नाही. उलट उद्या तो फौजेत गेला आणि समोर महिला अधिकारी उभी राहिली, तर त्याला सलाम करताना अवघड वाटणार नाही. घरात त्याने बहिणीचे ऐकलेले असेल.

खडकवासल्याचा दरवाजा सर्वोच्च न्यायालयाने उघडला. आपल्या घराचा दरवाजा उघडायला कोणतेही न्यायालय येणार नाही. तो आपल्यालाच उघडावा लागेल. परीक्षेचा अर्ज निघाला की घरातल्या मुलीसमोर ठेवा, आणि 'पोरीची जात' हे शब्द त्या दिवसापासून बोलण्यातून काढून टाका.